सहा पिक्चर, बदलते मालक आणि तीच ती गोष्ट : 'टर्मिनेटर'चं पुढे काय होणार?

२९ ऑगस्ट १९९७. या दिवशी जग संपणार होतं.

अमेरिकेच्या लष्करासाठी बनवलेली 'स्कायनेट' नावाची कम्प्युटर यंत्रणा स्वतःहून विचार करायला लागणार, माणसं घाबरून तिला बंद करायला जाणार आणि ती उलटून अणुयुद्ध पेटवणार. तीनशे कोटी माणसं एका दिवसात खलास. 'टर्मिनेटर २'मध्ये हीच तारीख दिली होती, 'जजमेंट डे' म्हणून.

तो दिवस आला आणि गेला. मग तिसऱ्या पिक्चरने तारीख ढकलली २००४वर. पाचव्याने ढकलली २०१७वर. सहाव्याने तर स्कायनेटच रद्द केलं आणि त्याच्या जागी दुसरी यंत्रणा आणली. पहिल्या भागात ज्या भविष्यातून तो रोबो आलेला असतो ते साल आहे २०२९, म्हणजे आता अगदी हाकेच्या अंतरावर.

गंमत अशी की या काळात खरं जग पिक्चरच्या जवळ सरकत गेलं. आज एआयबद्दल कुठेही वाद निघाला की कुणीतरी 'स्कायनेट' हा शब्द काढतोच. म्हणजे या पिक्चरला याच्यापेक्षा चांगले दिवस कधी येणार? पण नेमक्या याच काळात 'टर्मिनेटर'ची गाडी अडलीय. २०१९नंतर एकही पिक्चर आलेला नाही. २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर एक ॲनिमेशन मालिका आली, ती एका सीझनमध्ये गुंडाळली गेली.

असं का झालं? आणि यापुढे काय होऊ शकतं? त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

ताप, स्वप्न आणि एक डॉलर

साल १९८२च्या आसपासचं. जेम्स कॅमेरॉन हा तरुण दिग्दर्शक रोममध्ये होता. त्याच्या नावावर 'पिरान्हा २' नावाचा एकच पिक्चर, आणि त्यातूनही त्याला मध्येच बाजूला केलेलं. खिशात पैसे नाहीत, अंगात ताप. त्या तापात त्याला स्वप्न पडलं. एका स्फोटातून धातूचा अर्धा सांगाडा बाहेर येतोय आणि सुऱ्यांच्या आधाराने जमिनीवर सरपटतोय.

या स्वप्नावरून त्याने पटकथा लिहिली. मोठे स्टुडिओ ती विकत घ्यायला तयार होते, पण दिग्दर्शन या नवख्याकडे द्यायला तयार नव्हते. तेव्हा कॅमेरॉनने निर्माती गेल ॲन हर्ड हिच्याशी सौदा केला. गोष्टीचे हक्क तिला विकले फक्त एका डॉलरला. अट एकच, पिक्चर मीच करणार.

सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये पिक्चर बनला आणि २६ ऑक्टोबर १९८४ला लागला. जगभरात त्याने जवळपास ७.८ कोटी डॉलर कमावले. अरनॉल्ड श्वार्झनेगर हा बॉडीबिल्डर रातोरात स्टार झाला.

कॅमेरॉनला दिग्दर्शक म्हणून नाव मिळालं. पण गोष्ट हातातून गेली ती गेलीच. तो एक डॉलर आपल्याला महागात पडला, हे त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवलं आहे.

गोष्ट दुसऱ्या भागातच संपली होती

१९९१मध्ये 'टर्मिनेटर २' आला. बजेट जवळपास १० कोटी डॉलर, तोपर्यंतचा सगळ्यात महागडा पिक्चर. जगभरातली कमाई सुमारे ५२ कोटी, त्या वर्षी पहिला नंबर. शिवाय चार ऑस्कर.

यातला टी-१००० हा पाऱ्यासारखा वितळून हवा तो आकार घेणारा रोबो लोकांनी याआधी कधी बघितलाच नव्हता. पिक्चरमध्ये कम्प्युटरवर बनवलेली दृश्यं जेमतेम काही मिनिटांची आहेत, पण तिथून हॉलिवूडमधल्या ग्राफिक्सचं सगळं गणित बदललं.

आपल्या प्रश्नासाठी मात्र महत्त्वाचा आहे तो या पिक्चरचा शेवट. सारा कॉनर, तिचा मुलगा जॉन आणि आता त्यांच्या बाजूने आलेला जुना रोबो मिळून स्कायनेट जिच्यातून जन्मणार ती चिप नष्ट करतात. रोबो स्वतःही वितळलेल्या लोखंडात उतरतो, कारण त्याच्या डोक्यातही तशीच चिप आहे. भविष्य कुणी लिहून ठेवलेलं नाही, ते माणूस बदलू शकतो, हा त्या गोष्टीचा गाभा.

कॅमेरॉनने आणखी एक शेवट शूट करून ठेवला होता. त्यात म्हातारी सारा बागेत बसलीय, जॉन सिनेटर झालाय, नात खेळतेय आणि जजमेंट डे आलेलाच नाही. म्हणजे विषय कायमचा बंद. पण तो शेवट काढून टाकला गेला आणि त्याजागी रात्रीचा अंधारा रस्ता दाखवला. पुढे काय ते माहीत नाही, पण आशा आहे, असा.

तो अंधारा रस्ता म्हणजे पुढच्या निर्मात्यांसाठी उघडा राहिलेला दरवाजा ठरला.

आता अडचण बघा. स्कायनेट संपलं असेल तर पुढच्या भागात दाखवायचं काय? त्यामुळे पुढच्या प्रत्येक पिक्चरला पहिलं काम एकच करावं लागलं, ते म्हणजे सारा आणि जॉनने जिंकलेली लढाई खोटी ठरवणं. तिसऱ्याने सांगितलं, जजमेंट डे टळला नव्हता, फक्त लांबला होता. पाचव्याने काळाची अख्खी पट्टीच नव्याने मांडली. आणि सहाव्याने ज्या जॉनला वाचवण्यासाठी दोन पिक्चर खर्ची पडले, त्यालाच पहिल्या काही मिनिटांत मारून टाकलं.

थिएटरमध्ये बसलेल्या माणसाला हे कळतं. आपण ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ते पुढच्या भागात पुसलं जाणार असेल, तर या वेळी जीव का टांगायचा?

सातबाऱ्यावरची नावं बदलत गेली

मग गोष्ट संपली असताना पिक्चर काढत का राहिले? याचं उत्तर मालकीत आहे.

एखाद्या जमिनीच्या सातबाऱ्यावर दर पाच-सात वर्षांनी नवीन नाव चढावं, तसं 'टर्मिनेटर'चं झालंय. सुरुवातीला हर्ड आणि पहिल्या भागाला पैसे पुरवणारी हेमडेल ही कंपनी. दुसऱ्या भागाच्या वेळी कॅरोल्को ही कंपनी आली. ती १९९५मध्ये दिवाळखोरीत गेली. मग हक्क लिलावात निघाले आणि कॅरोल्कोच्याच जुन्या मालकांनी, मारियो कसार आणि अँड्र्यू वाजना यांनी, ते मिळवले. त्यांनी २००३चा तिसरा भाग काढला, कॅमेरॉनशिवाय.

२००७मध्ये हॅल्सियन नावाची नवी कंपनी आली. तिने २००९मध्ये 'टर्मिनेटर सॅल्व्हेशन' काढला आणि त्याच वर्षी तीही दिवाळखोरीत गेली. पुन्हा लिलाव. २०१०मध्ये पॅसिफिकोर या हेज फंडाने सुमारे २.९५ कोटी डॉलरला हक्क उचलले. म्हणजे ज्यांचा पिक्चर बनवण्याशी संबंध नाही, फक्त गुंतवणुकीशी आहे, अशांच्या हातात ही गोष्ट गेली. २०११मध्ये मेगन एलिसन यांच्या अन्नपूर्णा पिक्चर्सने ते घेतले. हो, नाव आपल्याकडचं वाटतं, पण ते हिमालयातल्या अन्नपूर्णावरून घेतलंय. पुढे त्यांचे भाऊ डेव्हिड एलिसन यांच्या स्कायडान्सकडे सूत्रं आली आणि २०१५, २०१९चे पिक्चर निघाले.

आता प्रत्येक नव्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही कोट्यवधी मोजून एक नाव विकत घेतलंय. ते पैसे वसूल करायचेत. मग तुम्ही एक साधा पिक्चर नाही काढणार, तीन भागांची घोषणा करणार. आणि आधीच्या मालकाने जे केलं ते पुसून नव्याने सुरुवात करणार.

नेमकं हेच झालं. तेही तीनदा.

तीन वेळा ट्रायलॉजी, तीन वेळा पहिल्याच भागात आऊट

'सॅल्व्हेशन' हा तीन भागांतला पहिला असणार होता. क्रिस्तियन बेलसारखा नट, २० कोटी डॉलरच्या आसपास बजेट, कमाई ३७.१ कोटी. पुढचे दोन भाग रद्द.

२०१५चा 'जेनिसिस' हाही तीन भागांतला पहिला. पुढच्या दोन भागांसाठी २०१७ आणि २०१८च्या तारखाही राखून ठेवल्या होत्या. कमाई ४४ कोटी, ऐकायला चांगली वाटते. पण त्यात अमेरिकेतून आले जेमतेम ९ कोटी आणि चीनमधून ११ कोटींच्या वर. चीनमध्ये परदेशी पिक्चरच्या तिकिटाच्या पैशातला साधारण पाव हिस्साच स्टुडिओच्या हातात पडतो. त्यामुळे आकडा मोठा दिसला तरी तिजोरीत तितकं आलं नाही. पुढचे भाग रद्द.

मग २०१९चा 'डार्क फेट'. या वेळी सगळी हुकमी पानं टेबलावर टाकली. कॅमेरॉन निर्माता म्हणून परत, लिंडा हॅमिल्टन सारा कॉनर म्हणून परत, अरनॉल्ड तर होताच. हा थेट दुसऱ्या भागाचा पुढचा भाग, मधले तिन्ही विसरा, असं सांगितलं गेलं. बजेट १८ कोटींच्या वर, कमाई २६.१ कोटी. यातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. तोटा १० कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचा अंदाज तिथल्या ट्रेड मासिकांनी मांडला. पुढचे भाग अर्थातच रद्द.

कॅमेरॉनने नंतर एका मुलाखतीत चूक कुठे झाली ते स्वतःच सांगितलं. अरनॉल्डला आणायचा हट्ट आपलाच होता, पण अरनॉल्ड आणि लिंडा दोघंही आल्यामुळे तरुण पोरांना हा आपल्या आजोबांचा पिक्चर वाटला, असा त्याचा सूर होता.

मुद्दा बरोबर आहे. १९९१मध्ये जो पोरगा पंधरा वर्षांचा होता तो २०१९मध्ये त्रेचाळीस वर्षांचा बाप होता. त्याच्या पोराला सारा कॉनर कोण याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

आणि मग आला ३५ वर्षांचा कायदा

आता या गोष्टीत एक वळण आहे, तेही कायद्याचं.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे. १९७८पासून पुढे ज्या लेखकाने आपल्या कलाकृतीचे हक्क विकले असतील, तो ३५ वर्षांनंतर तो व्यवहार रद्द करून हक्क परत मागू शकतो. त्यासाठी किमान दोन वर्षं आधी नोटीस द्यावी लागते. पगारावर किंवा कंपनीसाठी ठरवून लिहून दिलेल्या कामाला हे लागू होत नाही.

अशी तरतूद का केली असेल? कारण सुरुवातीला आपली गोष्ट किती मोठी होणार हे लेखकाला माहीत नसतं. गरज असते, हातात ताकद नसते आणि तो कवडीमोलाने हक्क देऊन बसतो. एका डॉलरच्या सौद्यापेक्षा याचं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

'टर्मिनेटर'च्या पटकथेवर कॅमेरॉनसोबत गेल ॲन हर्ड यांचंही नाव आहे. हर्ड यांनी अशी नोटीस दिल्याची बातमी २०१९मध्ये बाहेर आली. नोव्हेंबर २०२०पासून ती लागू होणार होती.

मग प्रश्न सुटला? इतकं सोपं नाही.

पहिली गोष्ट, हा कायदा फक्त अमेरिकेपुरता आहे. बाकी जगातले हक्क जुन्या करारांप्रमाणेच राहतात. दुसरी गोष्ट, आधी बनलेले पिक्चर दाखवायचा आणि विकायचा अधिकार जुन्या मालकांकडेच राहतो. तिसरी गोष्ट, परत मिळतात ते पहिल्या पटकथेचे हक्क. टी-१०००सारख्या नंतर आलेल्या गोष्टी त्यात येत नाहीत.

थोडक्यात, वाटणीनंतर घर एकाच्या नावावर आणि अंगण दुसऱ्याच्या, अशी अवस्था. जगभर चालेल असा पिक्चर काढायचा तर सगळ्यांना एका टेबलावर बसवावंच लागतं. त्यात स्कायडान्स २०२५मध्ये पॅरामाउंटमध्ये विलीन झाली आणि डेव्हिड एलिसन आता त्या अख्ख्या स्टुडिओचे प्रमुख आहेत.

शेजारच्यांनी काय केलं?

हाच पेच 'प्रिडेटर'समोरही आला होता. मूळ लेखक असलेल्या थॉमस बंधूंनी याच कायद्याखाली हक्क परत मागितले, २०२१मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे तडजोड झाली.

पण 'प्रिडेटर'वाल्यांनी गोष्टीच्या बाबतीत एक शहाणपण केलं. २०२२च्या 'प्रे'मध्ये त्यांनी थेट १७१९ साल गाठलं. कोमांचे जमातीतली एक तरुण मुलगी, शिकारी व्हायची तिची धडपड आणि समोर तो परग्रहावरचा शिकारी. जुना एकही हिरो नाही, आधीचे भाग बघितलेले असायची गरज नाही. लोकांना तो आवडला आणि मरायला टेकलेल्या मालिकेत जीव आला.

'एलियन'चंही तसंच. २०१७च्या भागाने २४ कोटी डॉलर कमावले आणि मालिका थंडावली. २०२४मध्ये 'एलियन : रोम्युलस' आला. बजेट फक्त ८ कोटी, पात्रं नवी, खाणीच्या वसाहतीतून पळून जाऊ बघणारी विशीतली पोरं. कमाई ३५ कोटी.

दोन्हीकडे सूत्र एकच दिसतं. राक्षस जुना, माणसं नवी, खर्च आवाक्यात. आणि तीन भागांची घोषणा आधीच करायची नाही.

'टर्मिनेटर'ने हे करून बघितलं नाही असं नाही. २०२४ची 'टर्मिनेटर झीरो' ही ॲनिमेशन मालिका टोकियोत घडते, पात्रं सगळी नवी. समीक्षकांनी बऱ्यापैकी कौतुक केलं. ती प्रदर्शित केली तीही २९ ऑगस्टला, जजमेंट डेच्या तारखेला. पण नेटफ्लिक्सला हवे तितके प्रेक्षक मिळाले नाहीत आणि तिथेच विषय संपला. म्हणजे फक्त नवीन पात्रं आणून भागत नाही, हेही खरं.

मग आता पुढे काय?

अरनॉल्डने स्वतःपुरता निकाल दिलाय. मालिका संपलेली नाही, पण मी संपवलंय, असं त्याने २०२३मध्ये सांगितलं.

कॅमेरॉनने मात्र नवीन 'टर्मिनेटर'वर काम करायची इच्छा वारंवार बोलून दाखवली आहे. जुन्या खुणा बाजूला ठेवायच्या, असं तो म्हणतो. म्हणजे नेहमीचा रोबो नको, नेहमीचे डायलॉग नकोत. ठेवायचा तो गाभा, ज्यांच्या हातात कसलीच सत्ता नाही अशी साधी माणसं, त्यांच्या मदतीला न येणारी व्यवस्था आणि समोर यंत्र.

पण त्याच्यासमोरची खरी अडचण वेगळीच आहे आणि तीही त्याने मान्य केली आहे. वास्तव इतकं वेगाने पळतंय की विज्ञानकथा लिहिणं अवघड झालंय. पिक्चर लिहून, शूट करून थिएटरमध्ये यायला तीन-चार वर्षं लागतात. तोपर्यंत एआय कुठे पोचलेलं असेल कोण सांगणार?

शिवाय भीतीचं रूपही बदललंय. १९८४ला भीती अणुयुद्धाची होती. अमेरिका आणि रशिया समोरासमोर होते आणि कुणीतरी एक बटण दाबेल असं लोकांना खरोखर वाटत होतं. स्कायनेट म्हणजे त्याच बटणावरचं यंत्राचं बोट. आज आपल्याला जे यंत्र भेटतं ते बंदूक घेऊन दारात उभं राहत नाही. ते फोनमध्ये आहे, गोड बोलतं, पोरांचा अभ्यास करून देतं. भीती वाटते ती नोकरी जाण्याची, खोट्या व्हिडिओची, आणि युद्धात माणसाच्या परवानगीशिवाय निशाणा धरणाऱ्या ड्रोनची.

२०२३मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस संप केला, त्यातली एक मोठी मागणी एआयपासून संरक्षण मिळावं ही होती. म्हणजे 'टर्मिनेटर'ची पुढची गोष्ट लिहिणारी माणसंच आज त्या गोष्टीतली पात्रं झाली आहेत. आणि स्वतः कॅमेरॉन? १९८४लाच मी इशारा दिला होता, असं २०२३मध्ये सांगणारा हा माणूस २०२४मध्ये स्टॅबिलिटी एआय या कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसला. पिक्चरमध्ये हे तंत्रज्ञान वापरण्यासाठी ते आतून समजून घ्यायला हवं, ही त्याची भूमिका.

कदाचित पुढच्या 'टर्मिनेटर'ची गोष्ट याच विरोधाभासात दडलेली असेल. पहिल्या दोन भागांतही यंत्र आधी शत्रू होतं, मग तेच रक्षक झालं, आणि लोकांना रडू आलं ते त्या यंत्रासाठी.

पुन्हा काळा चष्मा, पुन्हा मोटरसायकल आणि पुन्हा पुढे ढकललेला जजमेंट डे, हा रस्ता तीनदा चालून झालाय आणि तीनदा बंद पडलाय. सारा कॉनर ही पहिल्या भागात हॉटेलात ऑर्डर घेणारी एक साधी वेट्रेस होती. तिला कम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि तिच्यावर विश्वास ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून ती आपली वाटली. हक्क कुणाच्याही नावावर लागोत, नव्या मालकाला आजच्या काळातली अशी एक वेट्रेस सापडली तर पिक्चर चालेल. रोबो तर काय, आता कुणालाही बनवता येतो.